दोन बोटांची उंची

गोवळकोंडा किल्ल्याच्या ईशान्येला एक टेकाड आहे. 1656 साली औरंगजेबानं गोवळकोंड्याला वेढा घातला, तेव्हा या टेकाडाची अडचण कुतुबशाहीच्या चांगलीच ध्यानात आली. शत्रूच्या तोफा तिथं चढल्या तर गोळे थेट तटाच्या आत येणार. वेढा उठल्यावर अब्दुल्ला कुतुबशहानं तटबंदीच पुढे सरकवली आणि टेकाड किल्ल्याच्या पोटात घेतलं. हा वाढीव भाग म्हणजे नया किला. तिथं कुतुबशाहीच्या मशिदी आहेत, बुरूज आहेत, आणि 27 मीटरच्या आसपास घेर असलेला बाओबाबचा वृक्ष आहे. हैदराबादी लोक त्याला ‘हत्तियां का झाड’ म्हणतात. गेली काही दशकं याच तटबंदीच्या आत गोल्फचं मैदानही आहे. वारसाप्रेमींचा त्याला विरोध आहे, वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि ऐतिहासिक जमिनीत नवं खोदकाम होऊ नये हा त्यांचा आग्रह मला पटतो. पण या प्रकरणाचा विषय त्या मैदानावरची फार छोटी गोष्ट आहे: चेंडू ठेवायची लाकडी खुंटी, म्हणजे टी. ती जमिनीवर किती उंच असावी?

तोफचीपुढे जो प्रश्न होता, तोच पहिला टोला मारायला उभ्या राहिलेल्या खेळाडूपुढे असतो. किती कोनातून सोडलं तर सगळ्यात लांब जाईल? शाळेतलं भौतिकशास्त्र 45 अंश सांगतं, आणि हवाच नसती तर ते अगदी खरं ठरलं असतं. ड्रायव्हर हा गोल्फमधला सगळ्यात लांब पल्ल्याचा क्लब. त्यानं मारलेला उत्तम चेंडू मात्र जेमतेम 10 ते 15 अंशांत सुटतो आणि तरी अडीचशे यार्ड जातो. हे कसं, याचा छडा एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात लावला. टेट गोल्फवेडे होते, आणि त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 मध्ये ब्रिटनचा हौशी विजेता झाला. टेटांनी दाखवलं की, चांगला मारलेला चेंडू उलटी फिरकी घेऊन जातो. वरची बाजू मागे, खालची बाजू पुढे. अशा फिरणाऱ्या चेंडूला हवा वर उचलून धरते. तोफेच्या गोळ्याला हा आधार नसतो, म्हणून त्याला उंच फेकावं लागतं. गोल्फच्या चेंडूला तो असतो, म्हणून तो सपाट सुटूनही हवेत टिकतो.

पण फिरकीचं प्रमाण सांभाळावं लागतं. कमी पडली तर चेंडू मध्येच खाली बसतो. जास्त झाली तर तो चढतच जातो, वर अडखळतो आणि उभा खाली येतो. ड्रायव्हरसाठी हवं असतं ते असं की चेंडू जरा उंच सुटावा आणि फिरकी बेताची असावी. अडचण अशी की साधारणपणे या दोन गोष्टी हातात हात घालून वाढतात. क्लबला जास्त कल दिला की चेंडू उंच सुटतो, पण फिरकीही वाढते. उंची वाढवून फिरकी घटवायचा एक मार्ग मात्र आहे, आणि त्यासाठी क्लब बदलावा लागत नाही. चेंडू क्लबच्या तोंडावर कुठे लागतो, एवढंच बदलावं लागतं. टीचं खरं काम तेच.

ड्रायव्हरचं डोकं हातात घेऊन निरखून पाहा. चेंडूला भिडणारी बाजू, जिला खेळाडू फेस म्हणतात, लांबून सपाट वाटते. प्रत्यक्षात ती वरून खाली किंचित फुगीर असते. या फुगवट्याची त्रिज्या ढोबळमानानं 300 मिलिमीटर धरली, तर मध्यापासून 10 मिलिमीटर वर कल जवळपास 2 अंशांनी वाढलेला असतो. क्लबवर 10 अंश कोरलेले असले तरी तिथं लागलेल्या चेंडूला 12 अंशांचा उतार भेटतो. मध्याच्या खाली 10 मिलिमीटर लागला, तर 8 च.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. विटीच्या टोकावर दांडू मारला की विटी गरकन फिरते, तसं डोक्याच्या गुरुत्वमध्यापासून बाजूला टोला बसला की डोकंही फिरतं. चेंडू मध्याच्या वर लागला तर फेसची वरची कड मागे ढकलली जाते. चेंडू आणि फेस एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ अर्ध्या मिलिसेकंदाचा, पण तेवढ्यात ते दोन दातेरी चाकांसारखे एकमेकांना फिरवतात. डोकं एका दिशेला, चेंडू उलट दिशेला. परिणामी चेंडूची उलटी फिरकी मिनिटाला काही शे फेऱ्यांनी उतरते. म्हणजे मध्याच्या किंचित वर लागलेला चेंडू जास्त उंच सुटतो आणि कमी फिरतो. खाली लागलेला नेमकं उलट करतो: खाली सुटतो आणि जास्त फिरतो. एकाच क्लबनं, एकाच वेगानं, एकाच माणसानं मारलेल्या दोन टोल्यांमध्ये यामुळे सहज पंधरा-वीस यार्डांचा फरक पडू शकतो.

आता हिशोब मांडू. नियमानुसार चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे त्याचा मध्य तळापासून साधारण 21 मिलिमीटरवर. आजच्या ड्रायव्हरचं डोकं जमिनीवर टेकवलं तर त्याचा माथा साधारण 60 मिलिमीटरवर येतो. गोल्फ शिकवणारा प्रत्येक माणूस सांगतो की निम्मा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसला पाहिजे. निम्मा चेंडू वर, म्हणजे चेंडूचा मध्य 60 मिलिमीटरवर, म्हणजे त्याचा तळ जमिनीपासून 39 मिलिमीटरवर. साधारण दीड इंच.

हे ऐकून विचार करणाऱ्याला शंका यायलाच हवी. चेंडूचा मध्य डोक्याच्या माथ्याच्या पातळीवर असेल तर टोला फेसला लागणार की माथ्याला? उत्तर असं की, टोल्याच्या क्षणी डोकं जमिनीला टेकलेलं नसतंच. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत ठेवलेला असतो. क्लब आपल्या कमानीच्या तळातून निघून चढणीला लागलेला असतो आणि जमिनीपासून वीसेक मिलिमीटर वर तरंगत असतो. फेसचा मध्य तळापासून 30 मिलिमीटरवर धरला, तर त्या क्षणी तो जमिनीपासून 50 वर आहे. चेंडूचा मध्य 60 वर. फरक 10 मिलिमीटर, आणि तोही वरच्या बाजूला. म्हणजे ज्या जागी लागावा असं आपण वर पाहिलं, तिथंच. निम्म्या चेंडूचा नियम बहुधा कुणी गणित करून काढलेला नाही, हजारो खेळाडूंच्या अनुभवातून तो बसला आहे. तरी गणिताशी इतका नेमका जुळतो, हे मला फार सुंदर वाटतं.

मैदानावर पट्टी घेऊन कुणी जात नाही. तिथं बोटं चालतात. चेंडू तळहातात, टीची काडी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, आणि तळहातानं चेंडूवर दाब देत टी जमिनीत खुपसायची. मग तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर आडवी धरून चेंडूखाली सरकवायची. दोन बोटं बसली की झालं. बहुतेकांची दोन बोटं 35 ते 40 मिलिमीटरच्या मधे येतात. सव्वातीन इंची, म्हणजे 83 मिलिमीटरची टी असेल तर निम्म्याहून थोडी जास्त जमिनीत जाते आणि घट्ट उभी राहते. उन्हाळ्यात दख्खनची जमीन कडक होते तेव्हा ती तेवढी आत जात नाही. खेळाडू मग जाईल तेवढी खुपसतो आणि चेंडू नेहमीपेक्षा बोटभर उंच राहतो. पुढचा टोला बिघडला की दोष स्विंगला दिला जातो. अनुभवी कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा मदतनीस, हे आधीच ओळखतो. ‘नक्को साब’ म्हणत टी उपटतो आणि जुन्या टीनं पाडलेलं भोक शोधून त्यात बसवून देतो. टी-बॉक्सच्या, म्हणजे पहिला टोला मारायच्या चौकटीच्या, खुणांपासून मागे दोन क्लब लांबीपर्यंत कुठेही चेंडू ठेवायची मुभा आहे, त्यामुळे असं भोक सापडायला अडचण येत नाही. खेळाडूचे पाय त्या चौकटीबाहेर असले तरी चालतं. चेंडू तेवढा आत हवा.

जुन्या खेळाडूंच्या पिशवीत मात्र सव्वादोन इंचाहून आखूड टी सापडतात, आणि त्यांना त्या पुरतही होत्या. पर्सिमनच्या लाकडाचे ड्रायव्हर लहान डोक्याचे, बुटक्या फेसचे. 1979 मध्ये टेलरमेडनं धातूचा ड्रायव्हर आणला, 1991 मध्ये कॅलवेच्या बिग बर्थानं डोकं वाढवलं, मग टायटॅनियम आलं आणि नियमांनी 460 घनसेंटिमीटरवर रेघ मारेपर्यंत डोकी फुगत गेली. फेस उंच झाला, तशी टीही लांब झाली. तिलाही मर्यादा आहे: 4 इंच, म्हणजे 101.6 मिलिमीटर.

खुंटी यायच्या आधी टी नव्हतीच, वाळू होती. 1744 मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी लिहिलेल्या 13 नियमांतला पहिलाच नियम सांगतो की आधीच्या भोकापासून एका क्लबच्या लांबीच्या आत चेंडू मांडायचा. दुसरा सांगतो की मांडणी जमिनीवरच हवी. पुढे कित्येक दशकं कॅडी ओल्या वाळूची चिमूट घेऊन छोटा ढिगारा करायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा. उंची त्याच्या बोटांवर अवलंबून. खुंटीची कल्पना दोन दंतवैद्यांच्या हातून पुढे गेली. बोस्टनचे जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांनी 12 डिसेंबर 1899 रोजी लाकडी टीचं पेटंट घेतलं. ते हार्वर्डच्या अध्यापकवर्गातले पहिले आफ्रिकन-अमेरिकन. त्यांनी या टीचा धंदा केला नाही, मित्रांना वाटल्या. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं त्यांच्या या कामाची दखल घ्यायला 1991 साल उजाडलं. 1920 च्या दशकात न्यू जर्सीचे दंतवैद्य विल्यम लोवेल यांनी ‘रेडी टी’ बाजारात आणली आणि वॉल्टर हेगनसारख्या नामवंत खेळाडूला पैसे देऊन ती वापरायला लावली. तिथून वाळूच्या पेट्या मैदानांवरून हटू लागल्या. नाव लोवेलचं झालं. ग्रँटचं श्रेय 92 वर्षं कागदात पडून राहिलं, आणि हे वाचताना आजही वाईट वाटतं.

टी चुकीच्या उंचीवर असली की काय होतं, हे नुसतं भूमितीनं कळत नाही. चेंडू हलत नाही; शरीर हलतं. टी खूप खाली असेल तर डोळ्यांना चेंडू गवतात बसल्यासारखा दिसतो. हात आपोआप वरून खाली येतात आणि क्लब उतरणीवर असतानाच भिडतो. चेंडू फेसच्या खालच्या भागाला लागतो, उतरत्या टोल्यानं फिरकी आणखी वाढते. दोन्ही दोष एकत्र. टी खूप वर असेल आणि खेळाडूची सवय खाली मारायची असेल तर क्लब चेंडूच्या खालून सरकतो, चेंडू माथ्याच्या कडेला लागून सरळ आभाळात जातो आणि शंभर-सव्वाशे यार्डांवर येऊन पडतो. क्लबच्या रंगावर पांढरा ओरखडा उमटतो, आणि तो पुसला जात नाही. म्हणून टी उंच करायची असेल तर सोबत चेंडू पुढे आणि मागचा खांदा थोडा खाली, असा पवित्राही बदलावा लागतो. नुसती खुंटी वर ओढून भागत नाही.

क्लब चेंडूला चढत भिडतो की उतरत, याची मोजदाद आता रडार करतं. ट्रॅकमॅन या यंत्राच्या एका जुन्या, बहुचर्चित तक्त्यात अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिकांची सरासरी अशी होती: क्लबचा वेग ताशी 113 मैल, टोला 1.3 अंश उतरता, चेंडू 10.9 अंशांत सुटतो, मिनिटाला 2686 फेऱ्या, हवेतला पल्ला 275 यार्ड. महिला व्यावसायिकांचा वेग 94 मैल, पण टोला 3 अंश चढता. त्यांचा चेंडू 13.2 अंशांत सुटतो, फेऱ्या 2611, पल्ला 218 यार्ड. दोन्ही आकडे नीट पाहा. पुरुषांकडे वेग इतका आहे की ते थोडं खाली मारूनही निभावतात; त्यांना सरळ रेषेची जास्त काळजी. महिलांनी कमी वेगातून जास्तीत जास्त पल्ला काढायची विद्या पक्की केली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूच्या अदिती अशोकनं चौथा क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेत तिचे टोले बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आखूड होते आणि प्रत्येक यार्ड तिला कमवावा लागत होता. त्याच ऑलिंपिकला पुण्याचा उदयन माने गेला होता, तेव्हा मराठी वाचकांनी गोल्फच्या बातम्या जरा जास्त वाचल्या असतील. आपल्या क्लबांत शनिवार-रविवारी खेळणाऱ्या साठीतल्या माणसाचा क्लबवेग पुरुष व्यावसायिकांपेक्षा महिला व्यावसायिकांच्या जवळचा, बहुतेकदा त्याहूनही कमी असतो. तरी तो टीव्हीवर पुरुषांची स्पर्धा पाहून त्यांची नक्कल करतो. त्यानं महिलांची स्पर्धा पाहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ताशी 90 मैल वेगाच्या माणसानं 5 अंश उतरता टोला सोडून 5 अंश चढता टोला साधला तर पल्ल्यात वीस यार्डांच्या आसपास भर पडू शकते, तीही अंगात एक तोळा जास्त ताकद न आणता.

वाऱ्याबद्दलचा एक समज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. जून-जुलैत हैदराबादच्या पठारावर पश्चिमेचा वारा जोरात वाहतो. समोरून वारा आला की खेळाडू टी खाली करतो, म्हणजे चेंडू खालून जाईल. तो सुटतो खालीच. पण फेसच्या खालच्या भागाला लागल्यामुळे जास्त फिरकी घेऊन सुटतो, आणि समोरचा वारा त्याच फिरकीला जोर देतो, कारण उचल ही चेंडूला भेटणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असते. शंभर यार्डांवर चेंडू चढायला लागतो, फुगतो आणि थांबल्यासारखा होऊन पडतो. वाऱ्यात खरा शत्रू उंची नाही, फिरकी आहे. टी नेहमीचीच ठेवावी, फार तर कणभर खाली घ्यावी, चेंडू किंचित मागे ठेवावा आणि नेहमीपेक्षा सैल, तीन-चतुर्थांश स्विंग करावा. वेग कमी, फिरकी कमी, चेंडू फेसच्या मध्यावर. टी खूप खाली घेऊनही फेसच्या मध्यावर मारणारे खेळाडू असतात, पण त्यांना या प्रकरणाची गरज नाही.

हैदराबादची हवाही हिशोबात धरायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून 540 मीटरच्या आसपास. मुंबईत चेंबूरच्या मैदानावर 30 अंश तापमान असताना आणि इथं मे महिन्यात 40 अंश असताना तुलना केली तर हैदराबादची हवा 8-9 टक्के विरळ भरते. विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून चेंडू लांब जातो. पण उचलही तेवढीच कमी, म्हणून तो सपाट जातो. मुंबईहून आलेल्या खेळाडूला इथं चेंडू नेहमीपेक्षा खालून गेल्यासारखा वाटतो तो यामुळे. अशा दुपारी टी कणभर उंच ठेवलेली परवडते.

आपल्यासाठी नेमकी उंची कोणती, हे कळायला फार खर्च लागत नाही. फळ्यावर लिहायचा, पुसता येणारा मार्कर घ्यावा आणि ड्रायव्हरच्या फेसवर तो भरून रंगवावा. टोल्यानंतर चेंडूचा गोल ठसा रंगात स्वच्छ उमटतो. चार-पाच टोल्यांनी पुसून पुन्हा रंगवावा. आधी एक बोट उंचीवर, मग दोन, मग जवळपास तीन. ठसे फेसच्या खाली जमत असतील तर टी वर. माथ्याच्या कडेला जात असतील तर खाली. सरावाच्या पट्ट्यावर एक अडचण येते: तिथल्या चटईत रबराच्या ठरावीक उंचीच्या नळ्या असतात, आणि त्यांवर महिनोन्‌महिने मारून शरीर त्या उंचीला सरावतं. म्हणून आपल्याला मानवणारी नळी निवडावी, तिची उंची बोटांनी मोजावी आणि मैदानावर तीच ठेवावी. पायऱ्या असलेल्या प्लास्टिकच्या टी मिळतात, त्या ठरावीक खोलीपर्यंतच आत जातात. उंची दर वेळी सारखी राहावी म्हणून नवशिक्यांनी त्या जरूर वापराव्यात. लाकडी टी आवडत असेल तर काडीवर पेनानं एक रेघ मारावी आणि रेघेपर्यंत खुपसावी.

ठसे वर-खाली न जाता फेसच्या टोकाकडे किंवा दांड्याकडे सरकत असतील तर टीला हात लावू नये. तो प्रश्न चेंडूपासून किती लांब उभं राहायचं याचा आहे, आणि त्यासाठी पायाखाली दुसरी रेघ आखावी लागते.